त्रेपन्न सालचा थंड उन्हाळा



संध्याकाळ झाली तरी अंगाची काहिली थांबत नाही अशा दिवसांत आपण या मंडपात जमतो. अशा वेळी 'थंड उन्हाळा' हा विषय जाहीर झालेला पाहून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. पण हे शब्द माझे नव्हेत. सोव्हिएट संघराज्याच्या अखेरच्या काळात, १९८७ साली, मॉस्कोच्या मॉसफिल्म या चित्रपटसंस्थेने एक चित्रपट तयार केला आणि १९८८ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याचे नाव 'त्रेपन्न सालचा थंड उन्हाळा'. दिग्दर्शक अलेक्सांद्र प्रोश्किन, कथालेखक एदगार दुब्रोव्स्की. वरवर पाहता हा दरोडेखोरांचा आणि बंदुकांचा चित्रपट आहे. खून आहेत, पाठलाग आहे, एकटा माणूस टोळीशी झुंजतो आहे. सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांनी तो चित्रपटगृहांत जाऊन पाहिला.

इतिहासाच्या व्याख्यानात असल्या चित्रपटाचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे, की एका मोठ्या राष्ट्राने आपल्या इतिहासातील एक उन्हाळा पुढे कसा आठवला हे या चित्रपटावरून कळते. आणि तो उन्हाळा प्रत्यक्षात कसा होता हे कागदपत्रांवरून कळते. या दोहोंमध्ये जे अंतर आहे तेच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम कथा थोडक्यात सांगतो. रशियाच्या उत्तरेकडील एका जलाशयाच्या काठी मासेमारी करणाऱ्यांची लहानशी वस्ती आहे. पाच-दहा लाकडी घरे, एक व्यापारी वखार, बोटींचा धक्का, आणि सरकार म्हणून एक पोलिस अंमलदार. (चित्रण झाले ते कारेलिया प्रांतात. तिथल्या उन्हाळ्यात रात्रीसुद्धा पुरता अंधार पडत नाही, आणि ऊन असून ऊब नाही.) या वस्तीत दोन राजकीय हद्दपार दिवस कंठीत आहेत. एकाला लोक 'कोपालिच' म्हणतात. त्याचे खरे नाव स्तारोबोगातोव्ह. एके काळचा मोठा इंजिनीअर, परक्या देशाचा हेर ठरवून त्याला शिक्षा झाली. दुसरा 'लुझ्गा' म्हणजे बासार्गिन. हा महायुद्धात टेहळणी पथकाचा कॅप्टन होता. अगदी थोडा काळ शत्रूच्या हाती सापडला, एवढ्याच अपराधावरून स्वदेशाने त्याला देशद्रोही ठरविले. कोपालिच म्हातारा असून मिळेल ते काम निमूटपणे करतो. लुझ्गा मात्र कामालाही हात लावीत नाही आणि कोणाशी फारसे बोलतही नाही. मन मेलेला माणूस जसा बसून असतो तसा तो बसून असतो.

या वस्तीवर सहा गुन्हेगारांची टोळी चालून येते. स्टालिनच्या मृत्यूनंतर जी सार्वत्रिक शिक्षामाफी जाहीर झाली, तीत सुटून आलेले हे लोक. पोलिस अंमलदार मारला जातो आणि वस्ती ओलीस धरली जाते. ज्यांनी लोकांचे रक्षण करावयाचे ते एक तर मेले आहेत किंवा भयाने गारठले आहेत. अशा वेळी ज्यांना राज्याने 'शत्रू' म्हणून येथे आणून टाकले तेच दोघे शस्त्र उचलतात. लुझ्गाच्या अंगी मुरलेला जुना सैनिक जागा होतो आणि टोळीतील एकेकाला तो टिपतो. पण विजयाची किंमत फार पडते. कोपालिच मरतो, वस्तीतली शूरा नावाची कोवळी मुलगीही मरते.

आपल्याकडील प्रेक्षकाला ही मांडणी ओळखीची वाटेल. दोन शिक्षाभोगी, एक गाव आणि डाकूंची टोळी म्हटले की १९७५ चा 'शोले' आठवल्यावाचून राहात नाही. जपानी सामुराईंच्या आणि अमेरिकन घोडेस्वारांच्या चित्रपटांतूनही हाच सांगाडा सापडतो. परंतु 'शोले'मधले रामगढ कोणत्याही वर्षातले असू शकते. रशियन चित्रपटाने मात्र वर्ष नावातच घातले आहे. म्हणून आपल्याला त्या वर्षाकडे वळले पाहिजे.

१९५३ च्या ५ मार्च रोजी स्टालिन मरण पावला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २६ मार्चला, गृहखात्याचा मंत्री लाव्हरेंती बेरिया याने पक्षाच्या वरिष्ठ मंडळापुढे एक टिपण ठेवले. त्यातला पहिलाच आकडा वाचून आजही मन थक्क होते. देशातील छावण्या, वसाहती आणि तुरुंग यांत मिळून २५,२६,४०२ माणसे बंदिवासात होती. त्यांत ४ लाख ३८ हजारांहून अधिक स्त्रिया. गरोदर बाया, तान्ह्या मुलांच्या आया, अल्पवयीन पोरे, जर्जर म्हातारे आणि असाध्य रोगांनी अंथरुणाला खिळलेले लोक या सर्वांची वेगवेगळी मोजदाद त्या टिपणात आहे. आणि 'विशेष धोकादायक राज्यद्रोही' म्हणून ज्यांची गणना केली होती ते किती, तर २,२१,४३५. म्हणजे शंभरातले नऊ. इतकी माणसे कोंडून ठेवण्याची राज्याला गरज नाही, यांतील पुष्कळांचे अपराध किरकोळ आहेत, असे त्या टिपणाचे म्हणणे होते. हजारो निरपराधांना मृत्यूच्या दारी धाडणाऱ्या खात्याच्या प्रमुखाने हे लिहावे हा इतिहासाचा एक विलक्षण विनोदच म्हणावा लागेल. त्याला दया आली असे मानण्याचे कारण नाही. छावण्यांचा खर्च डोईजड झाला होता. कैद्यांच्या घामावर उत्तर ध्रुवाकडील ओसाड प्रदेशातून काढावयाचा लोहमार्ग आणि अशाच आणखी काही अवाढव्य योजना त्याच आठवड्यात गुंडाळण्यात आल्या. शिवाय नव्या सत्तास्पर्धेत लोकप्रियतेचीही गरज होती.

दुसऱ्याच दिवशी, २७ मार्चला, हुकूमनामा निघाला. त्यावर राष्ट्राध्यक्षाच्या नात्याने वोरोशिलोव्हची सही होती. त्यातील कलमे आपण नीट पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यांवर अवलंबून आहे. ज्यांची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे ते सर्व सुटतील. ज्या स्त्रियांना दहा वर्षांखालील मुले आहेत त्या, गरोदर स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, पंचावन्न वर्षांवरील पुरुष, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया आणि असाध्य रोगी हेही सुटतील. उरलेल्यांपैकी ज्यांची शिक्षा पाच वर्षांहून जास्त आहे त्यांची निम्मी होईल. मात्र हा लाभ काहींना मिळणार नाही. पाच वर्षांहून अधिक शिक्षा झालेले प्रतिक्रांतिकारक गुन्हेगार, म्हणजे राजकीय कैदी. सार्वजनिक मालमत्तेची मोठी चोरी करणारे. सशस्त्र टोळ्या करून दरोडे घालणारे. आणि जाणूनबुजून खून करणारे.

या हुकमाने सुमारे १२ लाख माणसे सुटली. छावण्यांतला जवळजवळ निम्मा बंदिवास काही महिन्यांत रिकामा झाला. जगाच्या इतिहासात एका सहीसरशी इतके कैदी क्वचितच मोकळे झाले असतील.

आता विचार करावयाचा तो असा, की ही १२ लाख माणसे कोण होती? चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे त्या टोळीचे चेहरे राहतात. हुकूमनाम्यात पाहावे तर टोळीबाज दरोडेखोर आणि खुनी यांना माफीतून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. मग सुटले कोण?

याचे उत्तर त्या आधीच्या कायद्यांत आहे. युद्ध संपले तेव्हा रशियाचा पश्चिम भाग उद्ध्वस्त झाला होता. १९४६-४७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. शेतमजूर बाई वावरातली कणसे पदरात घालून घरी नेई, कारखान्यातला कामगार पावाचा तुकडा खिशात लपवी. आपल्याकडे ज्याला कोणी चोरी म्हणतानाही अडखळेल अशी ही चोरी. ४ जून १९४७ रोजी तिच्यावर कायदा झाला. सरकारी मालमत्तेची चोरी केल्यास किमान सात वर्षे, सामुदायिक शेतीच्या मालाची चोरी केल्यास किमान पाच वर्षे, खासगी चोरीलाही किमान पाच वर्षे. शिक्षेची कमाल मर्यादा पाहावी तर गुन्हा पुन्हा केल्यास किंवा चौघांनी मिळून केल्यास पंचवीस वर्षांपर्यंत. या कायद्याने छावण्या भरल्या. त्यांत विधवा होत्या, पोरसवदा मुले होती, हिशेबात चूक झालेले दुकानदार आणि कारकून होते. १९५३ च्या वसंतात ज्यांना सुटकेचा दाखला आणि रेल्वेचे तिकीट मिळाले, त्यांत फार मोठा भरणा अशा लोकांचा होता. घरी पोहोचल्यावर त्यांनी कोणाचा गळा कापला नाही. कोणी पुन्हा शेतावर गेला, कोणी गिरणीत लागला, कोणा आईने आपले पोर अनाथाश्रमातून परत आणले. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही.

पण मग टोळीची गोष्ट निव्वळ कल्पनाच म्हणावयाची का? तसेही नाही. आणि येथेच इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे. हुकूमनाम्याची भाषा ढिली होती. 'टोळीबाजी' वगळली होती. पण एकट्या-दुकट्याने केलेली लूटमार हा कायद्यात निराळा गुन्हा होता आणि त्याचे नाव वगळलेल्यांच्या यादीत नव्हते. सराईत चोराला शेवटच्या खटल्यात पाचच वर्षे झाली असली तर तो सुटला. त्याचे आधीचे खटले कोणी विचारले नाहीत. दहा वर्षांच्या शिक्षेपैकी पाच भोगून झाली असली तर निम्मी शिक्षा माफ होऊन तोही बाहेर आला. छावण्यांत चोरांची म्हणून एक स्वतंत्र दुनिया होती. तिचे कायदे, तिची भाषा, तिचे म्होरके वेगळे. त्या दुनियेतले काही लोक या दारातून बाहेर पडले हे नाकारता येत नाही.

शिवाय सुटका ज्या घाईने झाली त्या घाईने पुढची व्यवस्था झाली नाही. शहरांत राहावयाला जागा नव्हती. पूर्वीचा कैदी म्हटले की कारखाने दार लावीत. दूर उत्तरेकडल्या आणि सायबेरियातल्या रेल्वे स्थानकांवर माणसांची रीघ लागली. चोऱ्या, हाणामाऱ्या, खून वाढले. लोक संध्याकाळी दारे-खिडक्या लावून बसू लागले. ही भीती खरी होती. सरकारलाही ती मान्य करावी लागली, कारण त्याच वर्षी २८ ऑगस्टला दुसरा हुकूम निघाला. लूटमार करणारे, सराईत चोर आणि अट्टल गुंड यांना यापुढे माफी लागू करू नये, असे त्यात म्हटले होते. मार्चमध्ये राहिलेली फट ऑगस्टमध्ये बुजवण्यात आली.

तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुटलेल्यांमध्ये लांडगे होते. पण सुटलेला कळप लांडग्यांचा नव्हता. भयाचा स्वभाव असा, की त्याला लांडगा दिसतो आणि कळप दिसत नाही. वर्तमानपत्रांत त्या काळी गुन्ह्यांच्या बातम्या छापत नसत, त्यामुळे कानोकानी पसरणाऱ्या वार्तेला मोजमापच उरले नाही. पुढे २६ जूनला बेरियाला अटक झाली, १० जुलैला ती जाहीर झाली आणि २३ डिसेंबरला त्याला गोळ्या घातल्या. वोरोशिलोव्हच्या सहीची माफी लोकांच्या तोंडी 'बेरियाची माफी' झाली. राज्यात गोंधळ माजावा म्हणून त्या दुष्टाने मुद्दाम दरोडेखोर सोडले, अशी कथा रूढ झाली. मेलेल्या खलनायकावर आणखी एक पाप घालणे कोणालाच जड नव्हते. मिरियम डॉब्सन या ब्रिटिश इतिहासकार विदुषींनी २००९ साली या परत आलेल्या कैद्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही 'थंड उन्हाळा' हेच शब्द आहेत. जनतेच्या या धास्तीमुळे पुढच्या सुधारणांच्या पायांत कशी बेडी पडली, हे त्यांनी नागरिकांच्या पत्रांवरून दाखविले आहे.

हे झाले सुटलेल्यांचे. आता जे सुटले नाहीत त्यांच्याकडे वळू, कारण चित्रपटाचे अंतःकरण तिथे आहे.

कोपालिच आणि लुझ्गा माफीत बसत नाहीत. चोर सुटतो आणि सज्जन खितपत पडतो, हा त्या चित्रपटातला सल आहे. आणि तो इतिहासाशी पुरता जुळतो. राजकीय कैद्यांना पाच वर्षांपर्यंतची शिक्षा क्वचितच होत असे. दहा, पंधरा, पंचवीस वर्षे हीच त्यांच्या खटल्यांची भाषा. १९४८ पासून त्यांच्यातील पुष्कळांना 'विशेष छावण्यां'मध्ये वेगळे काढले होते. तिथे माणसाच्या कपड्यांवर क्रमांक शिवलेला असे, बराकींच्या खिडक्यांना गज असत, आणि घरी पत्र लिहावयाचे ते वर्षातून दोनदा. मार्चचा हुकूम या बराकींपर्यंत पोहोचला तो 'हे तुमच्यासाठी नव्हे' असे सांगत. त्याचा परिणाम लवकरच दिसला. मेअखेरीस नोरील्स्क येथील कैद्यांनी काम थांबविले. जुलैमध्ये व्होर्कुताच्या कोळसाखाणींत संप झाला आणि १ ऑगस्टला एका खाणीवर कैद्यांवर गोळीबार झाला. पुढल्या वर्षी कझाकस्तानात केंगिरच्या कैद्यांनी चाळीस दिवस छावणी आपल्या ताब्यात ठेवली. २६ जून १९५४ रोजी तिच्यावर रणगाडे घातले गेले. वस्तीवर टोळी चालून आली ती त्याच उन्हाळ्यात, असे चित्रपट सांगतो. खऱ्या उन्हाळ्यात हेही घडत होते.

लुझ्गाच्या अपराधाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १६ ऑगस्ट १९४१ रोजी निघालेल्या लष्करी हुकूम क्रमांक २७० ने शत्रूला शरण जाणाऱ्या सेनाधिकाऱ्याला फितूर ठरविले आणि त्याच्या कुटुंबीयांच्या अटकेची तरतूद केली. युद्धात लाखो सोव्हिएट सैनिक जर्मनांच्या हाती पडले. त्यांतले जे जिवंत परतले त्यांच्याकडे संशयाने पाहण्यात आले. कित्येकांची रवानगी एका छावणीतून दुसऱ्या छावणीत झाली. युद्धकैद्यांना सरसकट असे वागविणे चूक होते, हे पक्षाने आणि सरकारने अधिकृतपणे कबूल केले ते २९ जून १९५६ रोजी. तोवर युद्ध संपून अकरा वर्षे झाली होती.

चित्रपटाचा शेवट मॉस्कोत होतो. लुझ्गा सुटून येतो आणि कोपालिचच्या घरी त्याच्या मृत्यूची वार्ता घेऊन जातो. घरी पत्नी आहे, मोठा झालेला मुलगा आहे. नवऱ्याला 'शत्रू' ठरविल्यावर या घराने त्याच्याशी नाते तोडले होते. आता समोर आलेला परका माणूस त्यांना सांगतो, की तो निर्दोष होता आणि माणसासारखा मेला. त्या दिवाणखान्यात कोणी मोठ्याने रडत नाही. दरोडेखोरांच्या सगळ्या गोळीबाराहून ही शांतता अंगावर येते. वस्तीतल्या माणसांनी त्याला वाचविले नाही ते बंदुकीच्या धाकाने. येथे घरातल्या माणसांनी त्याला सोडले तेही धाकानेच. पण त्या धाकाला बंदूक दिसत नव्हती. अखेरीस लुझ्गा रस्त्यावर येतो. विडी पेटविण्यासाठी समोरून येणाऱ्या एका माणसाकडे विस्तव मागतो. त्याच्याही हातात तशीच पेटी असते. दोघे एकमेकांकडे पाहतात, ओळखतात, म्हणजे 'हाही तिथूनच आला' एवढे ओळखतात, आणि आपापल्या वाटेने निघून जातात.

हे दृश्य १९८८ साली पाहताना कित्येक प्रेक्षकांना आपला बाप, आपला काका आठवला असेल. कारण मधली तीन दशके या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची सोय नव्हती. १९५६ च्या फेब्रुवारीत ख्रुश्चॉव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात स्टालिनच्या अपराधांवर भाषण केले. ते बंद दाराआड. साठाच्या दशकाच्या आरंभी थोडे लिहिले गेले, मग पुन्हा दारे मिटली. गोर्बाचेव्हच्या काळात ती उघडली. १९८६ च्या मे महिन्यात चित्रपट-व्यावसायिकांच्या अधिवेशनात जुने पुढारी बाजूला सारले गेले, एलेम क्लिमोव्ह प्रमुख झाला आणि वर्षानुवर्षे कपाटात पडलेले चित्रपट बाहेर येऊ लागले. १९८४ मध्ये तयार झालेला आबुलाद्झेचा 'पश्चात्ताप' १९८७ मध्ये सर्वत्र दाखविला गेला. पण तो रूपकाचा चित्रपट होता. विचारी वर्गाला तो भिडला. प्रोश्किनने दुसरी वाट धरली. साध्या माणसाला आवडेल अशी साहसकथा त्याने सांगितली आणि तिच्या पोटात हा इतिहास ठेवला. बंदुका पाहावयाला आलेला माणूस बाहेर पडताना कलम अठ्ठावन्नाविषयी विचार करीत बाहेर पडला. याचे श्रेय दिलेच पाहिजे. आणि राज्याचे मोठे पारितोषिक देऊन त्या देशाने ते १९८९ मध्ये दिलेही.

कोपालिचची भूमिका अनातोली पापानोव्ह या नटाने केली. हा नट सोव्हिएट मुलांना ठाऊक होता तो व्यंगपटातल्या लांडग्याचा आवाज म्हणून, आणि मोठ्यांना विनोदी कामांसाठी. तो स्वतः महायुद्धात लढून जखमी झाला होता. १९६४ च्या 'जिवंत आणि मृत' या चित्रपटात त्याने सेर्पिलिन नावाचा सेनानी उभा केला होता. तो सेर्पिलिनही सदतीस साली पकडला जाऊन छावणी भोगून आलेला. म्हणजे छावणीतून परतलेल्या माणसाची व्यथा त्याने तेवीस वर्षांच्या अंतराने दोनदा रंगविली. 'थंड उन्हाळा'चे चित्रण आटोपून तो मॉस्कोला परतला आणि ५ ऑगस्ट १९८७ रोजी अचानक वारला. संवादांचे ध्वनिमुद्रण व्हावयाचे राहिले होते, म्हणून दुसऱ्या नटाने, इगोर येफिमोव्हने, आपला आवाज दिला. ज्याचा आवाज घरोघर ओळखीचा, त्याची शेवटची भूमिका दुसऱ्याच्या आवाजात गेली. कोपालिच मरण्यापूर्वी वाया गेलेल्या वर्षांची हळहळ बोलून दाखवितो. माणसासारखे जगावे आणि काम करावे, एवढीच त्याची इच्छा असते. प्रेक्षकांना नटाच्या मृत्यूची वार्ता ठाऊक होती. त्या शब्दांना त्यामुळे दुहेरी अर्थ आला.

एवढे श्रेय दिल्यावर आता त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

या चित्रपटाने राजकीय कैद्याला न्याय दिला. पस्तीस वर्षे ज्याला 'शत्रू' म्हटले तो वस्तीचा तारणहार म्हणून दाखविला. पण त्याच्या उजळ मूर्तीमागे काळी पार्श्वभूमी हवी होती, आणि ती म्हणून माफीत सुटलेल्यांना उभे केले. कोट्यवधी लोकांच्या मनात 'त्रेपन्नची माफी' आणि 'दरोडेखोर' हे शब्द कायमचे जोडले गेले. कणसे वेचल्याबद्दल पाच वर्षे बसलेली बाई त्या चित्रात नाही. वास्तविक तीही त्याच राज्ययंत्राची बळी होती. तिला कोणी वीर म्हणणार नाही, कारण तिने राज्याविरुद्ध काही केले नव्हते. निरपराध म्हणून तिचा गौरवही होणार नाही, कारण तिने कणसे खरोखरच घेतली होती. राजकीय कैद्याला पुढे निर्दोषत्वाचे कागद मिळाले. हिला माफी मिळाली. माफी म्हणजे अपराध कबूल धरून दिलेली सुटका. तो डाग ती मरेपर्यंत वागवीत राहिली आणि जनस्मृतीत तर ती टोळीत जमा झाली.

येथे मला आपल्याकडच्या एका चित्रपटाचा उल्लेख करावासा वाटतो. मुंबईत तयार झालेला राज कपूरचा 'आवारा' सोव्हिएट देशात दाखविला गेला तो १९५४ मध्ये, म्हणजे त्या थंड उन्हाळ्याच्या दुसऱ्याच वर्षी. चोराचा मुलगा चोरच होणार, असे मानणारा न्यायाधीश आणि परिस्थितीने चोर झालेला त्याचा स्वतःचाच मुलगा ही त्याची कथा. सहा कोटींवर लोकांनी तोही पाहिला. त्याची गाणी तिथल्या गल्लीबोळांत गेली. त्या प्रेक्षकांत नुकतेच छावणीतून आलेले आणि त्यांना पाहून दार लावून घेणारे असे दोन्ही प्रकारचे लोक असले पाहिजेत. जन्माने कोणी गुन्हेगार नसतो, हे मुंबईच्या चित्रपटाने त्यांना सांगितले. आणि चौतीस वर्षांनी जवळपास तितक्याच लोकांनी मॉस्कोचा चित्रपट पाहिला तेव्हा त्यातला गुन्हेगार मात्र जात्याच दुष्ट होता. बारा लाखांच्या कथेला या दोन चित्रपटांपैकी आपला चित्रपट अधिक जवळचा होता, असे मला वाटते.

मी हे चित्रपटकाराला दोष देण्यासाठी सांगत नाही. दीड-दोन तासांच्या कथेत सर्वांना न्याय देता येत नाही. एका अन्यायाची वाचा फोडताना दुसऱ्या कोणावर तरी सावली पडते. कलावंताला ती टाळता येत नाही. पण आपण इतिहासाचे वाचक आहोत. आपल्याला चित्रपटगृहाबाहेर येऊन हुकूमनामा वाचता येतो, त्यातली वगळण्याची कलमे तपासता येतात, २८ ऑगस्टचा दुसरा हुकूम शोधून काढता येतो आणि आकडे मोजता येतात. एवढे केले म्हणजे चित्रपटाचे मोल कमी होत नाही. लुझ्गाच्या नजरेतले दुःख खरेच राहते. त्याच्या शेजारी आणखी एक चेहरा दिसू लागतो, एवढेच.

हे कागद वाचावयाला मिळणे हीही काही कायमची सोय नव्हे. छावण्यांत गेलेल्यांची नावे, पत्रे, खटल्यांचे कागद गोळा करण्यासाठी मॉस्कोत 'मेमोरियल' नावाची संस्था त्याच गोर्बाचेव्ह काळात उभी राहिली. तिने लाखो नावांची नोंद केली. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी तिला शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चित्रपट आजही कोणीही पाहू शकतो. कागद पाहणाऱ्यांची वाट मात्र अरुंद झाली आहे. जिथे कागद मिटतात तिथे मागे उरते ती केवळ गोष्ट, आणि गोष्टीत टोळीचे चेहरेच ठसठशीत असतात.

म्हणून आपणांस एवढीच विनंती, की हा चित्रपट कधी पाहावयाला मिळाला तर जरूर पाहा. दोन माणसे रस्त्यात विस्तवासाठी थांबतात ते दृश्य विसरू नका. आणि घरी जाताना, त्याच वर्षी सुटकेचा दाखला पदरात बांधून, आगगाडीतून आपल्या गावी उतरलेल्या आणि कोणाशी काही न बोलता घराकडे चालू लागलेल्या त्या कणसेवाल्या बाईचीही आठवण ठेवा. चित्रपटात तिला जागा मिळाली नाही. ती इतिहासात तरी मिळावी.